शनिवारी विचारायचा प्रश्न

"भाऊ, उद्या पहिला रविवार. तुमच्या मनात माझ्याबद्दल काही आहे का?"

पदराचे टोक मुठीत धरून सिस्टर दारातूनच विचारत. आत येत नसत. उत्तर ऐकून जात.

परळच्या एका इस्पितळात त्यांनी चौतीस वर्षे परिचारिकेचे काम केले. निवृत्त झाल्यावरही चिंचपोकळीच्या आमच्या चाळीत त्या सिस्टरच राहिल्या. मूळच्या नगरकडच्या, ख्रिस्ती. एकट्या. त्यांची खोली माझ्या खोलीला लागून.

त्यांच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे: भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. कोणाच्या मनात आपल्याविषयी अढी असेल तर आधी त्याच्याकडे जायचे, मग वेदीपाशी, हा त्यांचा नियम. चूक कोणाची, हे त्या नियमात विचारलेलेच नव्हते. मी आयुष्यभर कारकुनी केली. मला तो मसुदा सदोष वाटे.

तुम्ही चाळीत राहिला असाल, तर येथे अढीवाचून महिना जात नाही हे जाणताच. एकदा दोन बायका कपड्यांच्या दोरीवरून भांडल्या. सिस्टरांनी प्रत्येकीला वेगळे गाठून सांगितले, "तुझं बरोबर आहे. आता गप्प बस." दोघींना हे कळल्यावर त्या संतापून सिस्टरांच्या दारात आल्या.

"आलात ना एकत्र?" सिस्टर म्हणाल्या. "चहा टाकते."

माझे प्रकरण इतके सोपे नव्हते. आमच्या मजल्यावरच्या सावंतांनी सरकती खिडकी बसवून सामाईक गॅलरीचा तीन फूट भाग आत घेतला. मी चाळ कमिटीचा सेक्रेटरी. महापालिकेसाठी तक्रारअर्ज लिहिला. मजल्यावरच्या सर्वांनी सह्या केल्या. सिस्टरांनी केली नाही.

"खिडकी चुकीची आहे ना?" मी विचारले.

"आहे."

"मग?"

"आधी त्याच्याशी बोललात का?"

बोललो नव्हतो. नियम स्पष्ट असताना बोलायचे काय?

"कागद पुढे गेला की माणूस मागे येत नाही, भाऊ."

सावंत गॅलरीच्या टोकाला उभे होते. "सेक्रेटरीनू, सिस्टरची सही नाय गावली? मगे आता देवाचीच घेवा!"

मजला हसला. सावंतांशी बोलणे मी त्या दिवसापासून बंद केले. पण त्या हसण्याचा दोष मात्र सिस्टरांवर ठेवला.

पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"आहे," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी पांढरी साडी नेसून चर्चला गेल्या. सगळे वेदीकडे गेले तेव्हा त्या बाकावरच बसून राहिल्या, हे त्यांच्या भाचीने मला नंतर सांगितले. "काका, मावशी तिथे रडली नाही, पण मान वर केली नाही," ती म्हणाली.

असे सात महिने चालले. मध्ये नाताळ आला. त्यांच्याकडून करंज्यांचे ताट आले. ते परत पाठवावे असे मनात होते. करंज्या चांगल्या होत्या.

आठव्या महिन्यात त्या दाराशी आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. चौकटीला धरून उभ्या राहिल्या. मी घाईने म्हणालो, "काही नाही. जा तुम्ही उद्या."

थर्मामीटर वाचावा तशा त्या माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या.

"दया म्हणून नको, भाऊ. पुढच्या महिन्यात विचारते."

पुढच्या महिन्यात त्यांना उठवेना. चर्चचे पाळक प्रभुभोजन घेऊन घरी आले. भाची मला बोलवायला आली. मी खाटेपाशी गेलो. सिस्टरांनी तोच प्रश्न विचारला. आवाज राहिला नव्हता.

या वेळी मी वेळ घेतला. मन तपासले.

"तुमच्याबद्दल नाही," मी म्हणालो. "सावंतांबद्दल आहे."

"ते सावंताला सांगा." त्या किंचित हसल्या. "माझं झालं."

त्यांनी पाळकांपुढे हात केला. तुकडा तोंडात जाईपर्यंत मी तेथेच उभा होतो.

बुधवारी त्या गेल्या.

आमच्या जिन्याच्या वळणावर कपाटदेखील वळत नाही. शवपेटी तिरकी करून, एक बाजू कठड्यावरून उचलून न्यावी लागते. चौघे लागलो. मला कोणी बोलावले नव्हते, मीच जाऊन खालची बाजू धरली. दुसऱ्या कोपऱ्याला सावंत होते. नऊ महिन्यांत आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो.

वळणावर पेटी अडली.

"तुमची बाजू वर घेवा," सावंत म्हणाले.

"घेतली."

"सावकाश. भिंत लागतली."

"भिंतीचं राहू द्या," मी म्हणालो. "तुमचा हात सांभाळा."