जांभळ्या पोटाचा बेडूक

बंगळूरच्या राजाजीनगरात विजेच्या मोटारींचं वायंडिंग करणाऱ्या पिराजींना तुटकी वस्तू फेकवत नाही. रविवारी तळ्यावर मासे धरायचं वेड. त्यामुळे इतरांनी टाकून दिलेले रबरी बेडूक आणि गांडुळं, म्हणजे माशांना फसवायची मऊ प्लॅस्टिकची आमिषं, ते खिशात भरून आणतात. शेपटी तुटली की दोन्ही टोकांना तापलेली सोल्डरिंगची कांडी लावायची, वितळली की दाबून धरायची. झालं! "माणसांचं असं जमलं असतं तर डॉक्टर उपाशी मेले असते," असं बायको अंबूबाई चिडवते.

या वेळी मात्र काम जोखमीचं होतं. त्यांचा जिवलग महांतेश अर्धांगवायूच्या झटक्यातून नुकता सावरला होता. उजवा हात अजून ऐकत नव्हता. "एकदा शेवटचं येतो, अण्णा. मग गळाच्या काठ्या सगळ्या देऊन टाकणार," असं म्हणत त्यानं आपला लाडका तपकिरी बेडूक दुरुस्तीला दिला. बेडकाची एक तंगडी मरळ माशानं तोडली होती. हा गडी एकदा घरात बसला तर बसूनच जाईल, हे पिराजींना पक्कं ठाऊक होतं.

तंगडी झकास जोडली. पण आनंदाच्या भरात बेडूक ठेवला नेमका चिवट, ताणल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या गांडुळांच्या डब्यात. ही दोन जातींची प्लॅस्टिकं एकमेकांना लागली की पाघळतात, हे पिराजीच सगळ्यांना बजावून सांगायचे! शनिवारी डबा उघडला, तर बेडकाच्या पोटाचा चिकट लगदा झालेला.

"आता काय करू गं?" पिराजी रडकुंडीला आले.

"करायचं काय? पोट कापा नि नवं भरा," म्हणत अंबूबाईनं फोडणीची जुनी पळी त्यांच्या हातात दिली. "आणि ही परत माझ्या स्वयंपाकघरात आणायची नाही. गच्चीवर जावा."

गच्चीवर मोकळ्या वाऱ्यात त्यांनी बेडकाच्याच जातीचे उरलेसुरले तुकडे पळीत वितळवले. गुलाबी, निळे, हाताला लागले ते. पोट भरलं, पण रंग झाला पिकल्या जांभळाचा.

रविवारी तळ्यावर महांतेश बघतच राहिला. "ह्याला काय झालं हो अण्णा?"

"स्वल्प आजारी होता. आता बरा आहे. टाक."

महांतेशनं डाव्या हातानं काठी फिरवली. बेडूक आधी झुडपात गेला, मग त्याच्याच टोपीत अडकला. शेवटी एकदाचा पाणवनस्पतींच्या कडेला पडला आणि धप्पकन पाणी उडालं. मरळ! काठी वाकली, महांतेश ओरडला, पिराजी जाळी घेऊन धावले, आणि मरळ सुटली. बेडूक तेवढा परत आला, जोडलेली तंगडी गमावून.

पिराजींना वाईट वाटलं. एवढी खटपट करून शेवट असा व्हावा! महांतेश मात्र धापा टाकत हसत होता. त्यानं बेडूक सोडवून पिराजींच्या हातावर ठेवला.

"तंगडी लावून ठेवा अण्णा. पुढल्या रविवारी बघून घेतो त्या मरळीला."