नळाखालची कळशी
चिंचेने तांबं घासल्याचा आंबूस वास आला की मला लालबागच्या एका चाळीतली कळशी आठवते. संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली होती आणि मी गोळीबाराची बातमी काढत गिरणगावात हिंडत होतो. चाळीच्या नळापाशी कोकणातली एक बाई कळशी घासत बसली होती. आदल्या दिवशी पाणी भरायला नळाखाली लावलेल्या त्या कळशीतून पोलिसांची गोळी आरपार गेली होती. “भोकं पडली, मग घासता कशाला?” मी विचारलं. “म्हणून काय काळी ठेवू?” ती फणकारली. दिल्लीचे मंत्री दुपारी पत्रकारांना भेटणार होते, म्हणून मी कळशी मागितली. “ने, पण परत आण हां. आणि सांग त्यांना, मी नळावर होते, आभाळात नव्हते.” फोर्टातल्या गारेगार दालनात मंत्री शांतपणे म्हणाले, गोळ्या फक्त हवेत झाडल्या. मी पिशवीतली कळशी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि समोरच्या काचेच्या जगमधलं पाणी तिच्यात ओतलं. दोन्ही भोकांतून धारा लागल्या, त्यांचे कागद भिजले. “साहेब, लालबागेत हवा इतकी खाली असते का?” सचिवाने माझा पत्रकाराचा पास तिथेच काढून घेतला, मग कळशीला हात घातला. पास मी दिला, कळशी नाही दिली. संध्याकाळी ती बाईच्या हातात ठेवली. आता माझे केस पिकलेत, पण कुणी सरकारी माणूस ‘हवेत’ म्हणाला की मी अजून उभा राहून विचारतो, किती उंचीवर?