पातं लवायच्या आत

एडिटिंगमध्ये जे कापलं जातं ते कचऱ्यात जातं, आणि कापायचं राहून जातं त्याचे किस्से होतात! अंधेरीच्या एका स्टुडिओत मी सिरियलचं एडिटिंग सांभाळते. म्हणजे एपिसोड बिनचूक गेला नाही तर चॅनेलच्या शिव्या मी खायच्या. त्यामुळे माझ्याकडे किस्से जरा जास्तच साठलेत, आणि बहुतेक एकाच दुश्मनाचे आहेत. फ्लॅश फ्रेम!

शॉट कापताना कधी कधी त्याचं शेपूट चुकून मागे राहतं. एक-दोन फ्रेमचं, पातं लवायच्या आत येऊन जाणारं. एडिटरच्या नजरेतून ते हमखास सुटतं.

*

विलास राणे आमचा जुना एडिटर. दिंडोशीला आईबरोबर राहतो. आई मूळची मालवणची, आणि आमची सिरियल ती जेवण सोडून बघते.

एका एपिसोडमध्ये नायिकेचा नवरा अपघातात गेला. हार घातलेला फोटो, सगळं घर रडतंय, आणि मधेच त्याच नवऱ्याच्या जुन्या शॉटचं शेपूट राहिलेलं. चांगलं हसरं! विलासच्या नजरेतून सुटलं, माझ्याही नजरेतून सुटलं, चॅनेलनेही घाईत पास केलं. टेलिकास्ट चालू असतानाच विलासला आईचा फोन.

"मेलो खंय? आत्ताच बघलंय मी तेका!"

*

दुसऱ्या दिवशी त्या हसऱ्या नवऱ्याचा स्क्रीनशॉट सगळ्यांच्या मोबाइलवर होता. चॅनेलने मला सरळ सांगितलं, पुन्हा अशी चूक झाली तर सिरियल दुसऱ्या स्टुडिओत जाईल. आमच्याकडे दुसरं मोठं काम नव्हतं. सिरियल गेली तर आम्ही सगळेच घरी!

मी सगळ्यांना बोलावलं. "आजपासून एकही शेपूट या दारातून बाहेर जाणार नाही. नाही म्हणजे नाही!"

विलास म्हणाला, "एपिसोड चालू असताना मी पापणीच हलवणार नाही. बघतोच कसं सुटतं ते!"

आणि खरंच हलवली नाही. वरून एसीचा झोत थेट तोंडावर. डोळ्यांतून घळाघळा पाणी. तेवढ्यात प्रोड्युसर आत डोकावले, विलासकडे बघून हळूच दार लावलं आणि बाहेर जाऊन डायरेक्टरला म्हणाले, "सीन झकास झालाय! एडिटरसुद्धा रडतोय!"

*

मानखुर्दहून येणारी प्रज्ञा आमची असिस्टंट एडिटर. ती म्हणाली, "विलासदादा, डोळे कशाला फोडून घेतोस? प्रोजेक्टच्या फाइलमध्ये प्रत्येक क्लिप कुठून कुठपर्यंत आहे ते असतंच ना. मी प्रोग्रॅम लिहिते. फार छोटी क्लिप दिसली की तो लाल खूण करेल."

तिने लिहिला. पहिल्यांदा चालवला तर अख्खा स्क्रीन लाल!

"वाट लागली," विलास म्हणाला. मग नीट बघितलं. सासूने चहाचा कप खाली ठेवला होता, एवढंच. पण त्यावर घरातल्या प्रत्येकाचा चेहरा, विजेच्या कडकडाटासकट, तीन तीनदा.

"ए, ही चूक नाहीये. ही माझी स्टाइल आहे!"

"दादा, प्रोग्रॅमला दोन्ही सारखंच दिसतं रे."

*

मग मी नियम केला. मुद्दाम ठेवलेल्या छोट्या क्लिपला गुलाबी रंग द्यायचा, म्हणजे प्रोग्रॅम ती सोडून देईल. विलास पहिले काही दिवस इमानदारीत रंगवत बसला. मग कंटाळला आणि विजांचे कडकडाटच कमी केले.

पंधरवड्यात डायरेक्टरचा फोन. "सासू हल्ली काय सुंदर काम करतेय! कुठे क्लास लावला का तिने?"

*

सिरियलमध्ये आजोबांचं काम करणाऱ्या नटाला आम्ही सगळे आबाच म्हणायचो. डबिंगला आले की आधी आमच्या खोलीत डोकावायचे. "आज माझं किती कापलंत रे?"

विलास म्हणायचा, "आबा, तुमचं कापायला हात धजत नाही." दोघंही हसायचे.

नातीच्या लग्नाचं शूटिंग अर्ध्यावर असताना आबा अचानक गेले. चॅनेलने कळवलं, लग्नातून त्यांचे सगळे शॉट काढा. 'आजोबांना गावी जावं लागलं' असं एक वाक्य नायिकेच्या तोंडी घातलं. विलासने एकेक शॉट कापला.

प्रज्ञाने प्रोग्रॅम चालवला. एकच लाल खूण. दोन फ्रेम. तिने त्या मोठ्या करून बघितल्या, तर अक्षता टाकायला हात उचललेले आबा.

"डिलीट करू?" तिने हळूच विचारलं.

विलासने तिच्या हातून माऊस घेतला आणि ते शेपूट धरून ओढलं. कापलेला अख्खा शॉट पुन्हा उलगडला. आबा अक्षता टाकतात, डोळे पुसतात आणि हसतात. मग त्याने प्रोग्रॅम पुन्हा चालवला. लाल खूण गेली होती.

मी म्हणाले, "विलास, आजोबा गावी आहेत. चॅनेलने धरलं तर सिरियल जाईल रे."

"चॅनेल चूक शोधतं ना? यातली चूक दाखव मला."

मी शॉट पुन्हा बघितला. मला रडू आवरेना. एपिसोड मी स्वतः पाठवला, तसाच.

चॅनेलने पास केला. टेलिकास्ट आम्ही तिघांनी स्टुडिओतच बघितला. संपतोय तोच विलासच्या आईचा फोन. त्याने स्पीकरवर टाकला.

"गावाक गेले म्हणान सांगतत! खोटा! लग्नाक होते ते. मी बघलंय तेंका!"