ताटलीतले पांढुरके दाणे

भातकुलीकडच्या एका गावातली ती घटना आठवली की आजही माझा हात आपोआप मिशीवर जातो. तेव्हा मी ठाणेदार होतो. सकाळीच फोन आला, "साहेब, शाळेत पोराइले प्लास्टिकचा तांदूळ चारून राहिले. लवकर या, नाही त बाईचं काही खरं नाही."

स्टेशन डायरीत नोंद करून निघालो. खिचडी शिजवणाऱ्या बाईला लोकांनी स्वयंपाकखोलीत कोंडलं होतं. बाहेर एका विद्यार्थ्याची आई ताटली घेऊन उभी होती. ताटलीत पांढुरके दाणे. पाण्यात टाकले की तरंगायचे.

मी दार उघडलं आणि चौकशी सुरू केली. खोटं बोलणारा आधी शपथा घेतो, हा माझा अनुभव. ही बाई आधी चिडली.

"हे दाणे कोणी मिसळले?"

"मले काय इचारता? पोत्यातच येते. मी त रोज निवडून फेकतो. पोराइच्या पोटात काहून जाऊ देऊ?"

त्या दिवशी निवडलेल्या दाण्यांची ताटली ओट्यावर राहिली आणि नेमकी त्या आईच्या नजरेस पडली. करायला गेली गणपती अन् झाला मारुती.

पंचांसमक्ष तांदळाचा नमुना सील केला, तालुक्याच्या पोषण आहार अधिकाऱ्यांना बोलावलं. त्यांनी सांगितलं, हे दाणे तांदळाच्या पिठाचेच. त्यात लोह आणि जीवनसत्त्वं घालून ते मुद्दाम मिसळतात, पोरांच्या अंगात रक्त भरावं म्हणून. गर्दीतून आवाज आला, "सरकारचा मानूस, तो असंच सांगन."

गर्दीला भाषण पटत नाही. मी बाईला ताटलीतले दाणेच शिजवायला लावले. शिजल्यावर ते बोटांत मऊ चिरडले गेले. मीठ टाकून पहिला घास मी खाल्ला, दुसरा त्या आईने. ती खालमानेने म्हणाली, "चुकलं बाई माहं."

बाई मात्र रडू लागली. "मंग मी इतके दिवस पोराइचं औषधच फेकलं का, साहेब?"

"काळजीनं फेकलं," मी म्हणालो. "आता काळजीनंच शिजवा."

गुन्हा दाखल झालाच नाही. दरोडे, खून पुष्कळ उघडकीस आणले, पण अभिमान वाटतो तो या बेडी न पडलेल्या प्रकरणाचा. कोणाला आरोपी ठरवण्याआधी तो काय करू पाहत होता हे विचारावं, हे मला तिथे कळलं.

पुढे एकदा मुद्दाम त्या शाळेत डोकावलो. बाई सूप घेऊन बसली होती.

"आता काय निवडता?"

"खडे, साहेब. दाना एक वाया नाही जाऊ देत."