चूक मशिनची

शर्टाच्या खिशाला तो एक सरळ केलेली यू-पिन खोचून ठेवायचा. कॉम्प्युटरमध्ये सीडी अडकली की ती पिन काढायची, ड्राइव्हच्या तोंडाखालच्या बारक्या भोकात हलकेच सारायची आणि ट्रे जिभेसारखा बाहेर आला की आधी घरच्यांच्या चेहऱ्यांकडे बघायचं. मग त्याचं ठरलेलं वाक्य यायचं.

"चूक मशिनची हाय. तुमची न्हाय."

चूक बहुतेक वेळा आमचीच असायची. त्या काळात ज्यांच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला, त्यांना हे कबूल करायला हरकत नसावी. आपण सीड्या उलट्या घातल्या, ट्रे बोटाने आत लोटले. मी तर भाजीच्या सुरीने ट्रे उचकटायला गेलो होतो. तो पहिल्यांदा आमच्याकडे आला तो त्याच दिवशी. प्लास्टिकवर सुरीचे ओरखडे स्पष्ट दिसत होते. त्याने त्यांच्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "कंपनीनं भोक दिलंय, सर. पण जरा दिसंल असं द्यायला नको?"

शाहूपुरीतल्या एका दुकानात तो दुरुस्तीचं काम करायचा. गडमुडशिंगीहून सायकलने यायचा. ड्राइव्हला तो बाईमाणसासारखं 'ती' म्हणायचा. कॅबिनेटला कान लावून, एक बोट वर करून आम्हाला गप्प करायचा. "थांबा. ती काय म्हणत्या ऐकू." आतलं भिंग साफ करताना तोंडाने फुंकर मारू द्यायचा नाही. त्यासाठी एक रबरी फुगा जवळ ठेवलेला असे.

शेजारच्या काकूंची सीडी चालेना, म्हणून त्यांनी ती तांब्याची भांडी घासायच्या पावडरीने घासून काढली होती. त्याने ती उजेडात धरली. मला हसू आवरेना. तो मात्र गंभीरपणे म्हणाला, "चकाकी लई भारी आणलीसा, काकू. मशिनच आंधळं निघालं, त्याला काय करायचं?" काकू त्या दिवसापासून त्याला चहाबरोबर चिवडा द्यायला लागल्या.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो. इतकी वर्षं मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

बाबा गेल्यावर त्यांच्या आवाजाची एक कॅसेट सापडली. नवा टेपरेकॉर्डर आणला तेव्हा त्यांनी तो तपासायला पेपर मोठ्याने वाचला होता. शेवटी आईला म्हणतात, "अगं, तूपण बोल की कायतरी," आणि आई म्हणते, "बंद करा बघू आधी ते." एवढंच. फितीला बुरशी धरली होती, एकदा वाजेल एवढाच जीव तिच्यात उरला होता. त्याने दोन रविवार बसून आमच्याच कॉम्प्युटरवर ती उतरवून घेतली आणि सीडी करून दिली. देताना म्हणाला, "अजून एक काढून ठेवा, सर. आणि हिच्यावर कागद चिकटवू नका. एका अंगाला जड झाली की ती नाचत्या. पार फुटत्या."

मी दोन्ही गोष्टींना हो म्हटलं. दुसरी सीडी काढायची राहून गेली. पुढे कॉम्प्युटर फॉरमॅट करून नव्याने भरला, त्यात आतली प्रतही गेली. मी सकाळची शाळा करून आलो की आई रोज दुपारी जेवण झाल्यावर खुर्ची ओढून बसायची आणि मी सीडी लावायचो.

बाबांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी मी बाबांचा टोपीतला पासपोर्ट फोटो सीडीवर एका बाजूला डिंकाने चिकटवला. आईला नंतर दाखवायचा होता. सीडी फिरायला लागली, घरघर वाढली, आणि मी बटणाकडे हात नेईपर्यंत आत ताडकन आवाज झाला.

दुकानात फोन केल्यावर तो तासाभरात आला. ड्राइव्ह खोलून त्याने पेपरवर तुकडे झटकले. एका तुकड्यावर बाबांचं कपाळ आणि टोपी होती. ते त्याने पाहिलं. आई मागे उभी होती. तिच्या आणि पेपरच्या मध्ये सरकत त्याने तो तुकडा उचलला आणि स्क्रू ठेवायला दिल्यासारखा माझ्या खिशात सोडला.

"आता मशिनची चूक म्हणू नकोस," आई म्हणाली. "मशीन कोण बघतं?"

त्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी पेपरकडे बघत होतो.

"मीच बघतोय की, आई. ड्राइव्ह जुनी झालती. मी आधीच बदलायला पायजे हुती. चूक माझी."

"माझ्या घरात परत पाऊल टाकू नकोस."

त्याने पेपरची पुडी केली, चप्पल पायात सरकवली आणि दारातून "येतो, आई" म्हणाला. मी जिन्यापर्यंतसुद्धा गेलो नाही.

पुढे आई मधूनच विचारायची, "फार बोलले रे मी त्याला. परत आला नाही तो. खरंच त्याची चूक होती का रे?" मी म्हणायचो, "जाऊ दे ना आता." आई जाईपर्यंत माझं तेवढंच उत्तर राहिलं. शाहूपुरीतून जाताना मी त्याचं दुकान टाळून पलीकडच्या गल्लीने जात असे. पुढे ते दुकानही बंद झालं. आता तर घरातल्या लॅपटॉपला सीडी घालायला तोंडच नाही.

मागच्या उन्हाळ्यात तो तुकडा खिशात घालून मी गडमुडशिंगीला गेलो. घर सापडलं. बुद्धाच्या तसबिरीखाली त्याचा फोटो होता. शर्टाच्या खिशाला यू-पिन तशीच.

"चार वर्सं झाली," त्याची बायको म्हणाली. सीडी फुटली त्या घरातला शाळेतला सर, अशी मी ओळख सांगितली, तशी तिने पदर सावरला. "ते आईंचं घर व्हय? लई मनाला लावून घेतलतं त्यांनी. एका आईच्या मालकाचा आवाज माझ्या हातनं गेला, म्हणायचं."

म्हणजे त्याने खरं घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

मी खिशातून तुकडा काढून तिच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. डिंकापासून जिन्यापर्यंत. तिने तो हातात घेतला. बाबांच्या टोपीवरून अंगठा फिरवला, अगदी त्याच्यासारखा. चूक मशिनची, असं तरी ती म्हणेल, अशी मला आशा वाटत होती.

"हे त्यास्नी सांगायचं हुतं की, सर," ती म्हणाली. "मला सांगून काय?"

आणि पाणी आणायला आत गेली.