गिरिजाक्कांनी धरलेला हात

गिरिजाक्कांना मी प्रथम पाहिले ते कोल्हापुरातल्या आमच्या मतिमंद मुलांच्या शाळेत, शेंगा फोडताना. समोर संतोष बसला होता. हा मुलगा स्वतःचेच मनगट चावून रक्तबंबाळ करी. त्याचे हात रिकामे राहू नयेत म्हणून अक्का त्याला शेंगा फोडायला देत, आणि त्याने टरफलासकट खाल्ल्या तरी रागावत नसत. मी नवा शिक्षक. मला एवढेच म्हणाल्या, “बसा पावणं, तुमीबी फोडा.”

पुढे नव्वदच्या दशकात शाळेच्या कमिटीने ‘शिस्तोपचार’ आणला. मुलाने चावले की त्याच्या दंडाला बॅटरीचा शॉक द्यायचा. नाव उपचाराचे, काम छळाचे! त्यासाठीची पेटी बनवून दिली संतोषच्या वडिलांनीच. मारुतराव शिरोलीच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. पोरगे सुधारणार या आनंदात त्यांनी पेटीला हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला आणि ती शाळेला दिली.

पालकसभेत अक्कांनी ती पेटी आधी स्वतःच्या दंडाला लावली. मग म्हणाल्या, “आता कमिटीनं लावून बघावं.” पुढे आले ते मारुतराव. शॉक बसला, डोळ्यांत पाणी आले, तरी म्हणाले, “लागतंय की अक्का. पर पोरगं हाडापतोर चावतंय. मी काय करू, सांगा!”

“त्येचा हात माझ्या हातात ऱ्हाऊ दे,” एवढेच अक्का म्हणाल्या. सभेने पेटीच्या बाजूने कौल दिला. अक्का नोकरी सोडून गडहिंग्लजला माहेरच्या घरी गेल्या आणि तिथल्या ओसरीवर मुले सांभाळू लागल्या.

संतोष चावायचा थांबला खरा. पाहुण्यांना त्याला कौतुकाने दाखवत. कोणी जवळ आले की तो दोन्ही हात काखेत दडवी. पुढे घरी बापाला पाहूनही दडवू लागला, तेव्हा मारुतरावांनी त्याला एसटीत घातले आणि अक्कांच्या दारात आणून बसवले. अक्कांनी शेंगांनी भरलेले सूप त्याच्यापुढे सरकवले.

पण अक्कांच्या या गौरवग्रंथात तरी खोटे कशाला लिहू? अक्का जिंकल्या नाहीत. शाळेतून पेटी गेली, मिरचीची धुरी आली. छडी तर कुठे गेलीच नव्हती. संतोष आता मिशाळ बाप्या झाला आहे. अक्कांनी हात धरला की शांत असतो. त्या आजारी पडल्या की पुन्हा चावतो. मी त्याचा हात धरू पाहिला, तर त्याने तो काखेत घातला. मला फार वाईट वाटले.

परवा अक्कांच्या पंच्याहत्तरीचे सांगायला गेलो, तर ओसरीवर मारुतराव भेटले. म्हणाले, “सर, अक्कास्नी शंभर वर्सं लिवा. माझ्यामागं अक्का हाईत. अक्कांच्या मागं कोण हाय?”

तेव्हा शंभरच लिहितो. अक्का, आपली प्रकृती ठणठणीत राहो, हातांत बळ राहो. संतोष अजून चाळिशीचाही नाही.