मानेची कार्यशाळा

माझी मैत्रीण आणि मी, दोघी फिजिओथेरपिस्ट. एकाच कॉलेजात शिकलो, शरीररचनेच्या वर्गात एकाच टेबलापाशी उभ्या राहिलो. पुढे मी लालबागला दवाखाना थाटला, तिने वरळीला. ती बीडीडी चाळीत वाढलेली, घरातली पहिली डॉक्टरकीच्या वाटेला लागलेली. आमच्या वर्गात सगळ्यांत चांगला हात तिचा होता. आखडलेल्या सांध्यावर नुसता तळवा टेकवून कुठे अडलंय ते सांगायची. मी घोकून पास होणारी. तरी आमचं जमलं, आणि टिकलं.

हाताने करायचे उपचार पुस्तक वाचून सुधारत नाहीत. कोणाच्या तरी अंगावर हात ठेवून शिकावं लागतं, आणि आपलंही अंग दुसऱ्याच्या हाती द्यावं लागतं. म्हणून अधूनमधून आम्ही दोघी मिळून एखाद्या कार्यशाळेला नाव घालायचो. त्या वर्षी दादरला मानेची होती, शनिवार-रविवार. शाळेचा हॉल, बाकं भिंतीला सरकवलेली, मधे घडीची टेबलं. शिकवायला आमचे सर. कॉलेज संपल्यावर जे काही आम्ही खरं शिकलो ते त्यांच्याकडून. आवाज कधी न चढवणारे, आणि मानेच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे आमच्यासाठी शेवटचा शब्द.

मैत्रीण आली ती मान धरूनच. त्या आठवड्यात परळच्या पुलाखाली तिच्या टॅक्सीने करकचून ब्रेक मारला होता, तेव्हापासून उजवी बाजू दुखत होती.

"बरं झालं कार्यशाळा आली," ती म्हणाली. "आज सरांकडूनच मोकळी करून घेते."

सकाळचा भाग तपासणीचा होता. आखडलेला सांधा सुटावा म्हणून मानेला एक झटका देतात, तो देण्याआधी काय विचारायचं, काय बघायचं. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या मानेतूनच जातात. त्यांच्या आतल्या अस्तराला चीर गेलेली असली तर दुखणं अगदी साध्या आखडलेल्या मानेसारखंच वाटतं, आणि अशा मानेला झटका दिला तर माणूस टेबलावरच हातचा जाऊ शकतो. सर हे सांगत होते तेव्हा सगळे वहीत उतरवून घेत होते. मग जोड्या करून एकमेकांना तपासायचं होतं. पण समोर आपलाच सहकारी, धडधाकट. त्यामुळे सगळीकडे प्रश्न भराभर उरकले जात होते.

मीही तिला तसेच विचारले. चक्कर येते का, नाही. एकाचे दोन दिसतात का, नाही. डोकं दुखतं का, यावर ती थोडी थांबली. दुखतं म्हणाली, उजव्या डोळ्याच्या मागे. अशी डोकेदुखी आधी कधी झाली होती का, हे मी विचारलं कारण कागदावर पुढचा प्रश्न तो होता. नाही म्हणाली. मुलीची परीक्षा चालू होती, झोप नव्हती, त्यामुळे असेल. मला तिची उजवी पापणी जराशी खाली आल्यासारखी दिसली. जागरणाने येते, असं मी मनाशी म्हटलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

जेवणाच्या सुट्टीत मात्र ती पापणी माझ्या डोक्यातून जाईना. ती समोर बसून कोणाशी तरी बोलत होती आणि मी तिच्या डोळ्यांकडे बघत होते. जागरणाने दोन्ही पापण्या जड होतात. हिची एकच होती. मानेतल्या धमनीला चीर गेली तर त्याच बाजूची पापणी उतरते आणि बाहुली लहान होते, हे सकाळीच वहीत लिहिलं होतं. आपल्या काळ्या बुबुळांत मधली बाहुली लहान की मोठी ते पटकन कळत नाही. माझी नजर तिथे पोचत नव्हती. विचारावं तर काय म्हणून? मला खात्री नव्हती. खात्री नसताना बोललं तर हसं होईल, हेही डोक्यात होतं.

सुट्टीनंतर सरांनी विचारलं, खरोखर मान आखडलेलं कोणी आहे का, प्रत्यक्ष करून दाखवतो. तिने हात वर केला. ती टेबलावर उताणी झोपली. वरच्या कॅमेऱ्यातून पडद्यावर चित्र दिसावं म्हणून पुढचे दिवे बंद केले. आम्ही सगळे गोल करून उभे. सरांनी सकाळची तपासणी झाली का विचारलं, ती हो म्हणाली. त्यांनी तिची कवटी दोन्ही हातांत घेतली, मान हळू डावीकडे वळवली आणि सांधा जिथे अडतो ते टोक शोधू लागले. पडद्यावर तिचा चेहरा मोठा झाला होता. पापणी आता स्पष्ट खाली होती.

सरांची बोटं स्थिर झाली, म्हणजे पुढच्या क्षणी झटका येणार हे मला माहीत होतं.

"सर, थांबा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सरांनी हात सोडले नाहीत, पण थांबले. मी म्हटलं, तिची उजवी पापणी बघा, आणि डोळ्यामागची डोकेदुखी नवीन आहे. तिने झोपल्या झोपल्याच मला गप्प बस म्हणून खूण केली.

"सकाळी हिला कोणी तपासलं?" सरांनी विचारलं.

"मीच."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

सरांनी तिची मान अलगद सरळ केली, हात काढून घेतले. मग त्यांनी सगळेच दिवे घालवायला लावले आणि मोबाइलचा उजेड खालून, तिरपा धरून तिच्या डोळ्यांत पाहिलं. अंधारात डावी बाहुली मोठी झाली होती. उजवी टाचणीच्या डोक्याएवढीच राहिली होती. त्यांनी मला वाकून बघायला सांगितलं. मी बघितलं, आणि आपण चुकलेलो असू ही सकाळपासूनची आशा संपली.

दिवे लागले. सर शांतपणे म्हणाले, मान हलवायची नाही, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल. ती उठून बसली. रागाने तिचे कान लाल झाले होते.

"मला काही झालेलं नाही. सगळ्यांसमोर पेशंट करून ठेवलंस मला."

टॅक्सीत ती माझ्याशी बोलली नाही. दादरहून परळ हाकेच्या अंतरावर, पण सिग्नलला गाडी थांबली की मी तिचा चेहरा तपासायची. तोंड वाकडं होतंय का, हात जड पडतोय का. टॅक्सीवाल्याला हळू चालव, ब्रेक मारू नकोस, असं इतक्यांदा सांगितलं की शेवटी तो वैतागला. हॉस्पिटलात तिथल्या डॉक्टरने पापणी पाहिली आणि जास्त काही न विचारता तिला स्कॅनला घेतलं.

तिचा नवरा धावत आला. त्याने पहिला प्रश्न हाच विचारला की कार्यशाळेत तिच्या मानेला काही केलं का. मी नाही म्हटलं, तरी तो माझ्या हातांकडे बघत राहिला. रिपोर्ट संध्याकाळी आला. उजव्या बाजूच्या मोठ्या धमनीच्या अस्तराला चीर होती, तिथे रक्त साकळलं होतं. गुठळी सुटून मेंदूत गेली असती तर काय, ते डॉक्टरांनी आम्हाला सांगायची गरज नव्हती. रक्त पातळ करायची औषधं लगेच सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी मी कार्यशाळेला गेले नाही. सरांचा फोन आला. आधी तिची चौकशी केली. मग म्हणाले, आज झटका शिकवला नाही, दिवसभर तपासणीच करून घेतली. "मी तो झटका दिला असता. आज वर्गाला हे सांगितलं."

ती वाचली, हातपाय शाबूत राहिले. पण घरी आल्यावरही माझ्याशी तुटक बोलायची. मी वरळीला जायचे, चहा व्हायचा, मुलीच्या मार्कांवर गप्पा व्हायच्या, त्या विषयाला दोघीही शिवायचो नाही. एका दुपारी तिनेच काढला.

"मला तुझा राग नव्हता आला," ती म्हणाली. "तू पापणी म्हणालीस ना, तेव्हा मला कळलं होतं. आरशात मी रोज बघत होते गं. पेशंट असता तर मी पहिल्या दिवशी पाठवला असता."

मलाही एक सांगायचं होतं, ते तेव्हा सांगितलं. त्या दिवसापासून मला माझ्या हातांची भीती वाटत होती. शिवडीच्या गोदामात माल चढवणारा माझा जुना पेशंट मान आखडली की यायचा, कट्ट आवाज काढून द्या म्हणायचा. मी त्याचे डोळे तपासले, रक्तदाब तपासला, सगळं ठीक होतं, तरी माझ्याने मान वळवेना. शेक देऊन, व्यायाम शिकवून पाठवला. तो नाराज होऊन गेला. प्रत्येकाची पापणी मला खाली आलेली दिसायची.

तिने हे ऐकून घेतलं. समजूत वगैरे काढली नाही.

काही महिन्यांनी धमनी भरून आल्याचा रिपोर्ट आला. पापणी किंचित खाली राहिली ती राहिलीच. ती पुन्हा दवाखान्यात बसू लागली. मग एक दिवस कळवल्याशिवाय माझ्याकडे लालबागला आली, खांदे भरून आलेत म्हणाली, आणि थेट टेबलावर उताणी झाली. मी उभीच राहिले.

"विचार की," ती म्हणाली. "सगळं विचार. घाई नाही मला."

मी स्टूल ओढलं, तिच्या उशाशी बसले आणि पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. तिने प्रत्येक प्रश्नाचं उत्तर विचार करून दिलं. मग मी दोन्ही तळवे तिच्या मानेखाली सरकवले. झटका देणार नव्हतेच. तो तिला आता जन्मात कोणी देणार नाही. नुसते हात ठेवले. माझ्या बोटांखाली तिचे स्नायू आधी ताठ झाले, आणि मग हळूहळू तिने डोक्याचा भार माझ्या हातांत सोडला.